शेवटचं पान काढून टाक

सांगली

पोरी,

तुझी संहिता दोनदा वाचली. संवाद झकास आहेत, वाळव्याकडची बोली कानाला खरी लागते. उसाला तोड आलीय, टोळी फडात उतरलीय आणि दिराने बांधावर बाभळीच्या काट्या टाकून वाट अडवलीय. तोडलेला ऊस पडून रोज वजनाला घटतोय आणि ती विधवा बाई एकेकाचे उंबरे झिजवतेय. इथपर्यंत मी सरसावून वाचत होतो. मग शेवटच्या पानावर सरपंच भाषण ठोकतात, दीर रडतो, काट्या निघतात. ते पान काढून टाक. तोडगा तूच देऊन मोकळी झालीस तर लोक टाळ्या वाजवून घरी जातील आणि सकाळी बांधावर काट्या असतील त्या असतीलच.

ऑगस्टो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीने 1973 साली पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत प्रेक्षकांना विचारून नटांकडून तोडगे करून बघितले. एका बाईने सुचवलेलं नटीला काही केल्या तिच्या मनासारखं जमेना, आणि बाई हटेना. शेवटी त्याने तिलाच वर बोलावलं. फोरम थिएटर तिथून सुरू झालं. बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही नाट्यसंस्था खेडोपाडी हे करते. आपल्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं याचं आपल्याला केवढं कौतुक. पण आपला प्रेक्षक तेव्हाचा जो बसलाय तो बसलाच आहे!

तर नाटक पंधरा मिनिटांचं कर आणि ट्रॅक्टर अडलेला असतानाच थांबव. मग तेच पुन्हा सुरू कर. ज्याला वाटेल ‘इथं बाईनं वेगळं करायला पाहिजे होतं’, त्याने ‘थांबा’ म्हणायचं आणि तिच्या जागी येऊन करून दाखवायचं. जागा बदलायची ती बाईचीच, दिराची नाही. दिराच्या जागी कुणीही भला माणूस उभा राहिला की काट्या आपोआप निघतात. त्याला बोआल जादू म्हणायचा आणि जादू चालत नाही. प्रत्यक्षात दीर बदलून मिळत नसतो.

खेळ चालवणाऱ्याला तिकडे जोकर म्हणतात, पत्त्यांतला, कुठल्याच रंगाचा नसलेला. ते काम तू कर. पण सोंगाड्याची सवय घरी ठेवून ये. वर आलेल्या माणसाची फिरकी घेतलीस तर दुसरा कुणी उठणार नाही. फक्त विचारत राहा: हे जमेल का? उद्या सकाळी दीर काय करेल? अशा वेळी कुणीतरी ‘तहसीलदाराकडं जा’ म्हणणारच. म्हणून कायदा माहीत असलेला एक माणूस जवळ ठेव. वहिवाटीची वाट अडवली तर 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम लागतो, वाटच नसेल तर महसूल संहितेचं कलम 143. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि अर्ज भलत्याच कायद्याखाली जातो.

आता गावात गेल्यावरचं. निवडणूक तोंडावर असलेल्या गावात जाऊ नकोस. डेअरीला दूध घालून लोक मोकळे झाले की सुरू कर. जागा अशी बघ की गावातल्या कुठल्याही वस्तीचा माणूस न बिचकता येऊन बसेल; देवळाचा सभामंडप सगळ्यांचा असतो असं आपण म्हणतो, पण तो नेहमी तसा नसतो. पुढची खुर्च्यांची रांग काढून टाक. खुर्च्या आल्या की सत्कार आला, सत्कार आला की नारळ आणि अर्धा तास गेला. बायका गर्दीत उठणार नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी बचत गटाच्या बैठकीत वेगळा प्रयोग कर. तिथे सुचलेलं संध्याकाळी तुझ्या नटीने करून दाखवावं, पण कुणाचं ते सांगू नये.

ज्या गावात खेळ, त्या गावचं भांडण घ्यायचं नाही. चार गावं पलीकडचं घे. तरी कुणीतरी म्हणेलच, ‘ही तर आमचीच पाणंद!’ म्हणू दे.

एका गोष्टीत मात्र मी ऐकणार नाही. मारहाण, सासरचा छळ, जातीवरून झालेला अत्याचार, यांत ‘दोन्ही बाजू समजून घेऊ’ असला खेळ करायचा नाही. 2007मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून ‘आपसात मिटवा’ हा शब्द गावागावांत फार सैल झालाय. बोलून मिटतं ते बोलून मिटवावं, बाकीच्यासाठी पोलीस आणि कोर्ट आहे. फोरम थिएटर दबलेल्या माणसासाठी जन्मलं, समेटाचा फोटो काढण्यासाठी नाही.

तालमीत सगळ्यात जास्त घाम दिराचं काम करणाऱ्याचा निघाला पाहिजे. तो पहिल्याच गोड शब्दाला विरघळला तर खेळ पोरखेळ होतो, आणि दगडासारखा बसला तर लोक हात टेकतात. त्याला आपल्या बाजूची कारणं माहीत हवीत: वाटेला दिलं तर दोन सऱ्या जातात, मोजणी कधी झालीच नाही, वडिलांच्या आजारपणाचा खर्च एकट्याने केला. बाईच्या जागी आलेल्याने यातल्या एखाद्या कारणाला हात घातला तरच त्याने एक पाऊल मागे सरायचं, तेही कुरकुरत.

रविवारी तालमीला येतो. बघायला नाही, दिराचं काम मला दे. तुमच्यातल्या एकेकाने बाई होऊन माझ्याशी भांडा.

तुझा,
काका