प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर पट्टे मारण्याआधी

रंगाचं नंतर बघू, आधी मध्यरेषा काढ. मेजरिंग टेप बॉनेटच्या दोन्ही कडांना लावून निम्मं माप धरलंस तर फसशील. इतक्या वर्षांत या गाड्यांचं डेंटिंग बऱ्याचदा झालेलं असतं, त्यामुळे बॉनेटचा मध्य आणि ग्रिलचा मध्य जुळेलच असं नाही. पुढे, मधे आणि काचेजवळ असे तीन ठिकाणी मध्य काढ, दोरा ताण आणि दहा पावलं मागे जाऊन बघ. माप आणि डोळा यांचं भांडण झालं तर डोळ्याचं ऐक.

रुंदी ठरवायला साधी कागदी टेप चिकटवून दोन दिवस तशीच ठेव. मोठ्या अमेरिकन गाड्यांवरचे जाड पट्टे पद्मिनीचं सगळं बॉनेट खाऊन टाकतात. माझ्या मते, चार-पाच इंच पुरे.

कडेला मात्र फाइन लाइन टेपच (रंगकामाची अरुंद प्लास्टिकची टेप) हवी, कागदी टेपखाली रंग झिरपतो. टेपची कड नखाने दाबून घे, तिच्यावर आधी बॉनेटच्याच रंगाचा हलका हात मार, म्हणजे झिरपलं तरी दिसणार नाही. मग पट्ट्याचा रंग, पातळ थरांत. शेवटचा थर पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडून सावकाश ओढ.

टू-के रंगाच्या, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या रंगाच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, तिथे कापडी मास्क कुचकामी.

आणि ठाण्यात जुलैत हे काम काढू नकोस. हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर बघ.