विज्ञानमालिकेतला हेर रावेरात उतरवताना

भाऊ, तुझ्या पटकथेतला हेर परग्रहावरचा असला तरी पकडला जाईल तो बोलीवरून. धुळे-अमळनेरची अहिराणी शिकवून तू त्याला जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या केळी व्यापाऱ्यांत घुसवलंस, आणि तिकडे लेवा गणबोली चालते. ही चूक खोडू नकोस, तिच्यावरच प्रसंग उभा कर. ट्रक भरताना कुणीतरी सहज विचारावं, माल कुठल्या बागेचा? केळीचे हे दोन हंगाम: मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या आसपास. त्यानं कांदेबाग जूनमध्ये लावली म्हटलं, की वजनकाट्याजवळचा हमाल मान वर करतो. तिथे पार्श्वसंगीत नको. कॅमेरा हमालाच्या हातावर ठेव, घड अर्धवट उचललेला.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. 40 पानांच्या भागात हेराची खरी ओळख प्रेक्षकाला पहिल्या पाचेक पानांतच कळू दे. शेवटापर्यंत दडवलीस तर एक धक्का मिळेल, पण मधला सगळा ताण जाईल.

हेराजवळ यंत्र एकच ठेव आणि त्याची मर्यादा आधी दाखव. मे महिन्यात जळगावकडे पारा 45 अंशांवर जातो. चेहरा बदलणारं उपकरण तापून बंद पडतं हे दुसऱ्याच प्रसंगात दिसलं, तर भर दुपारचा केळीचा लिलाव आपोआप धोक्याचा होतो.