सीआरपी वाढलाय म्हणजे ओव्हरीला सूज?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, नाशिकला असते. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन बिघडण्याचा त्रास) आहे, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. मागच्या महिन्यात हेल्थ पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची टेस्ट) ४.८ आला, समोर लाल अक्षरात 'हाय'. तेव्हा अक्कलदाढेपाशी हिरडी सुजली होती. आई म्हणते ओव्हरीला सूज आलीय, दही-भात बंद कर. सीआरपी कमी करायची गोळी असते का?

उत्तर : ओव्हरीला सूज वगैरे काही नाही गं, ती भीती आधी मनातून काढ. इन्फ्लमेशनला, म्हणजे दाहाला, आपण सरसकट सूज म्हणतो म्हणून हा घोळ होतो. सीआरपी लिव्हरमध्ये बनतो, शरीरात कुठेही दाह असला की वाढतो, पण कुठे ते सांगत नाही, आणि तुझी तर हिरडीच सुजलेली, मग या ४.८ वरून मी काहीच ठरवणार नाही. दाढेचं बघून घे, पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी टेस्ट परत कर, सर्दी-तापात नको. पाळीसाठी हार्मोनची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांग, इस्ट्रोजेनच्या गोळीनेही हा आकडा वाढतो.

तरीही ३ च्या वर, म्हणजे 'हाय'च राहिला तर? पीसीओएसमध्ये असं दिसतं. २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पीसीओएस असलेल्या बायकांचा सीआरपी इतरांपेक्षा ९६ टक्के जास्त निघाला, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि तो सगळा वजनामुळे नव्हता. पोटाच्या आतली चरबी आयएल-६ नावाचा दाहाचा निरोप देणारा पदार्थ सोडते, त्याने लिव्हर सीआरपी बनवतं, दाहामुळे इन्सुलिनचं कामही अडतं, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, त्याने ओव्हरी जास्त अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) बनवते आणि पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, हे असं एकात एक अडकलेलं आहे.

पण पीसीओएसचं निदान सीआरपीवर होत नाही, १ आणि ३ च्या रेषा हृदयविकाराच्या धोक्यासाठी आखल्यात. म्हणून नुसता आकडा खाली आणायला गोळी किंवा हळदीच्या कॅप्सूल नकोत. त्या पैशात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर तपास, उपाशीपोटीची नॉर्मल आणि ही वाढलेली असं पीसीओएसमध्ये खूपदा होतं. सोबत लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि बीपी.

दही-भात खा, भात थोडा कमी आणि डाळ-उसळ जास्त, रोज अर्धा तास भरभर चाल. आणि पाळी ९० दिवसांपुढे गेली तर गायनॅककडे जा, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यात वाट बघू नकोस.