मुलगी जेवताना क्रुसाची खूण करते, आजी नाराज आहेत

एका आईचं पत्र: "आम्ही इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात राहतो. मुलगी आठ वर्षांची, घराजवळच्या कॅथलिक प्रायमरी शाळेत इयर फोरला आहे. शाळा चांगली आहे आणि ती तिथे रमली आहे. सध्या सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. परवा जेवताना मुलीने श्लोक म्हणायच्या आधी सहज क्रुसाची खूण केली, आणि सासूबाई त्या दिवशी नीट जेवल्याच नाहीत. शाळेच्या मिस्सेत (कॅथलिक सामूहिक उपासनेत) ती छातीवर हात दुमडून फादरपुढे जाते, हेही तेव्हाच कळलं. नवरा म्हणतो, शाळेला लिहून दे, तिला या सगळ्यातून काढा. मला ते पटत नाही, पण गप्प बसणंही पटत नाही. काय करू?"

ताई, आधी त्या दुमडलेल्या हातांबद्दल. इथल्या कॅथलिक मिस्सेत जे कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर) घेत नाहीत, ते छातीवर हात दुमडून पुढे जातात आणि फादर त्यांना फक्त आशीर्वाद देतात. म्हणजे "मी कम्युनियन घेणार नाही" हेच तुमची मुलगी त्या खुणेने सांगत असते. कॅथलिक नसलेल्या मुलाला कम्युनियन द्यायचं नाही, हा चर्चचा स्वतःचा नियम आहे. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांच्या मनात धर्मांतराची भीती आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात मिशन शाळांच्या काळापासून ही भीती घराघरात आहे.

सासूबाई कदाचित असंही म्हणतील, की आमच्याकडेही कॉन्व्हेंट होतीच की, तिथे कुठे असं होतं? त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला) जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला (नीतिशिक्षणाला). आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. इंग्लंडमध्ये गाडी उलट्या बाजूने सुरू होते. तुम्ही काही कळवलं नाही, तर मूल प्रार्थनेत आणि धर्मशिक्षणात सामील आहे असंच धरलं जातं. नको असेल तर तसं पालकांनी सांगायचं. हा हक्क १९४४ च्या शिक्षण कायद्यातही होता आणि आता तो १९९८ च्या शाळाविषयक कायद्यात आहे. कारण द्यावं लागत नाही. पूर्ण माघार घेता येते, तशी अंशतःही घेता येते. हे अंशतः आपल्या लोकांना बहुधा माहीतच नसतं, आणि नेमकं तेच तुमच्या कामाचं आहे. फी भरून शिकायच्या खाजगी शाळांना मात्र हा कायदा लागू नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार वाचा.

माझं स्पष्ट मत असं, की तिला सगळ्यातून काढू नका. इंग्लंडच्या कॅथलिक शाळांत आठवड्याच्या शिकवण्याच्या वेळेपैकी सुमारे दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला असतो, आणि त्याशिवाय सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची प्रार्थना, हार्वेस्ट (सुगीचा सण), अ‍ॅडव्हेंट (नाताळाआधीचे आठवडे), लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) असं सगळं वर्ष त्याच धाग्यात ओवलेलं असतं. हे सगळं वजा केलं तर आठ वर्षांची मुलगी लायब्ररीत एकटी बसेल, आणि तिच्या वर्गमैत्रिणी नाताळच्या नाटकाची तालीम करत असतील. शिवाय ही शाळा तुम्हीच निवडली आहे.

गप्प बसू नका हे मात्र तितक्याच जोराने सांगते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. वाँटेजला ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी शिकवलं. इतकं होऊनही मुलीला धर्माचं काय शिकवायचं, यावरून त्या ज्यांच्या आश्रयाला होत्या त्याच सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून नेटाने वाद घातला. स्वतः ख्रिस्ती झालेल्या, परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधाराने राहणाऱ्या बाईने आई म्हणून आपला शब्द सोडला नाही. मग तुम्ही तर कायद्याने हक्क असलेल्या पालक आहात.

तेव्हा शाळेला भेटायची वेळ मागा. प्रायमरीत बहुधा स्वतंत्र चॅप्लेन (शाळेतली प्रार्थना आणि मुलांना मानसिक आधार हे बघणारी व्यक्ती) नसतो. पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) फादर येऊन जातात आणि बाकीचं धर्मशिक्षणाच्या शिक्षिका बघतात. सेकंडरीत चॅप्लेन असतो, आणि तो फादरच असतो असं नाही, पुष्कळदा साधी संसारी बाई किंवा माणूस असतो. भेटीत तक्रारीचा सूर नको. वर्षभरात कोणते सण आणि किती मिस्सा, आशीर्वादासाठी पुढे जाण्याऐवजी तिला जागेवर बसून राहता येईल का, क्रुसाची खूण न करता हात जोडले तर चालेल का, हे विचारा. या शेवटच्या दोन गोष्टींना समंजस शाळेची सहसा ना नसते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जे निवेदन काढलं, त्यात हिंदू धर्माचा नावाने आणि आदराने उल्लेख आहे. तुम्ही मागताय ते त्यांच्याच शिकवणीत बसतं.

तिची सीमा कुठे आखायची, तेही आधी घरात ठरवा. माझ्या मते मिस्सेत शांत बसणं, गाणी म्हणणं, नाटकात मेंढपाळ होणं, फूड बँकेसाठी डबे नेणं यात काही बिघडत नाही. अ‍ॅश वेन्सडेला, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावतात, ती आदल्या वर्षीच्या पाम संडेच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्यांची असते. ती लावायची की नाही हे मुलीवर सोडा. "माझा विश्वास आहे" असं शब्दांत कबूल करायला लावणारी प्रार्थना तिने ऐकावी, म्हणू नये. आणि घरी देवापुढे बसताना घरची रीत. हे तिला तीन-चार वाक्यांत सांगा. ताटावर बसल्यावर रागावून सांगू नका. शाळेतली एक गोष्ट आजीपासून लपवायची असते, असं या वयात तिच्या मनात बसलं तर पुढे ती बरंच काही लपवेल.

चॅप्लेनचं जे काम आपल्याला सर्वात उपयोगी पडतं, त्याचा आपल्याला पत्ताच नसतो. सांगलीत किंवा साताऱ्यात आजोबा जातात, बाबा रात्रीच्या विमानाने एकटेच निघतात, आणि मूल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं शाळेत जातं. इथे त्याच्यासाठी ना दहावा, ना तेरावा, ना घर भरून आलेले नातेवाईक. अशा वेळी मुलाबरोबर बसणं, त्याला रडू देणं, आजोबांबद्दल बोलू देणं हे चॅप्लेनचं रोजचं काम आहे. कॅथलिक शाळांत नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. कित्येक ठिकाणी एक वही ठेवतात, मुलं त्यात आपल्या माणसांची नावं लिहितात. तिथे आजोबांचं नाव लिहायला कुणी धर्म विचारत नाही. दुःखाची बातमी आली तर ऑफिसला रजेचा ईमेल करता, तसा चॅप्लेनलाही दोन ओळींचा करा. एक लक्षात असू द्या: मुलाला इजा होण्याचा धोका दिसला तर चॅप्लेन ते गुपित ठेवू शकत नाही, शाळेच्या सेफगार्डिंग (मुलांच्या सुरक्षिततेच्या) प्रमुखांना सांगावंच लागतं. मुलालाही हे माहीत हवं.

वसईच्या आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) ख्रिस्ती मराठी घरांतूनही पत्रं येतात. त्यांची अडचण निराळी असते. आडनाव किंवा बोली बघून शाळा त्यांना हिंदू धरून चालते. कॅथलिक शाळेत प्रवेश हवा असेल तर गावच्या पॅरिशमधून बाप्तिस्म्याचा दाखला येतानाच आणा, नंतर मागवण्यात महिने जातात. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी प्रवेशासाठी चर्चला जात असल्याचा देखावा कृपा करून करू नये. मुलं ते बघतात, आणि ज्या कुटुंबाची ती जागा होती त्याची ती जाते.

सासूबाई अजून काही आठवडे आहेत असं दिसतं. हार्वेस्टची किंवा वर्गाची असेंब्ली पालकांसाठी खुली असते, त्यांना घेऊन जा. दिवाळीत वर्गात येऊन पणती आणि आकाशकंदील दाखवू का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. त्यांच्या धर्मशिक्षणात इतर धर्मांचीही ओळख असते, त्यामुळे होकार मिळायची शक्यता भरपूर आहे. फक्त ऑक्टोबरच्या हाफ टर्मची तारीख आधी बघा, दिवाळी कधी कधी नेमकी त्या सुट्टीत येते.