मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ग्राहकाची ओळ डिलीट होत नाही, एरर १४५१ येते. फॉरेन की (ऑर्डरला तिच्या ग्राहकाशी जोडणारा नियम) काढून टाकू का?

नका काढू. मायएसक्यूएल योग्यच अडवतंय: ग्राहक क्रमांक ७ उडवला, तर ऑर्डर टेबलमधल्या त्याच्या ऑर्डरी कोणाच्या म्हणायच्या? त्या खरंच नको असतील तर आधी त्या काढा, मग ग्राहक. दर वेळी हेच करायचं असेल तर की बनवतानाच 'ऑन डिलीट कॅस्केड' द्या, म्हणजे ग्राहकाबरोबर त्याच्या ऑर्डरीही आपोआप जातील. पण जपून, एका डिलीटमागे शेकडो ओळी मुकाट्याने जातात. हिशेबाच्या नोंदींवर मी तरी ते कधीच लावत नाही. तिथे ग्राहकाला नुसती 'बंद' अशी खूण करतो. ऑर्डर ठेवून फक्त नातं तोडायचं तर 'सेट नल' द्या, म्हणजे ऑर्डरमधला ग्राहक क्रमांक रिकामा होतो. मात्र त्या कॉलमला नल (रिकामी किंमत) चालायला हवा. आणि हो, पुढेमागे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर ऑर्डर टेबलच्या त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) स्वतः टाका. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन तो आपोआप बनवतं, पोस्टग्रेस नाही.