विजयदुर्गाला शिडाच्या होडीने पहिल्यांदा जाताना

विजयदुर्गाला पहिल्यांदा निघालायस, तर निघायचं पहाटे, मतलई वाऱ्यावर. दुपारी वायव्येचा वारा चढला की समुद्र खवळतो, आणि अनोळखी खाडीच्या मुखातून आत शिरणं नवख्याला जड जातं. किल्ला दिसला की फोटोसाठी तटाजवळ जाण्याचा मोह होतो. जाऊ नकोस! पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे. चांगलं अंतर ठेवून उत्तरेकडून वळसा घाल आणि वाघोटण खाडीत शीर. काळोखात तर नकोच, मासेमारीच्या जाळ्यांचे बोये दिसत नाहीत.

नांगराची दोरी मोजताना भरतीचं पाणी धर. मी एकदा ओहोटीच्या खोलीवर दोरी सोडली आणि उधाणाच्या भरतीत मध्यरात्री होडी सरकू लागली. अंगावर काटा आला होता. तेव्हापासून भरतीच्या खोलीच्या पाचपट दोरी सोडतो.

उतरल्यावर आधी बंदर कार्यालयात नोंद कर. मग किल्ला, तिहेरी तट सावकाश बघ. पण माझा जीव अडकलाय तो खाडीत आत, गिर्ये इथे खडकात खोदलेल्या आंग्रेकालीन गोदीत. ती ओहोटीला बघ, तळ उघडा पडतो. १७५६ साली इंग्रजांनी जाळलं ते आंग्र्यांचं आरमार इथल्याच पाण्यातलं.