जळगावात राहून दिल्लीची सेकंड हँड फेरारी ३६० मोडेना घ्यावी का?

घ्या, पण आधी बिलांची फाईल मागा. गाडी किती कमी पळाली याला भुलू नका. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) उभ्या गाडीतही जुना होतो, तीन ते पाच वर्षांत बदलावाच लागतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं तारखेसह बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. बजेट ताणता येत असेल तर मी हिच्यानंतरचं फेरारीचं मॉडेल एफ४३० घेईन, तिला बेल्टऐवजी चेन आहे.

एफ१ गिअरबॉक्स (क्लच पेडल नसलेला, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारा) असेल तर क्लच किती झिजलाय ते कॉम्प्युटर लावून बघता येतं. तो आकडा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आतली बटणं बोटाने दाबून बघा, त्यांचा रबरी थर उन्हाने चिकट होतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन माहीतच आहे, सावलीतलं बंद गॅरेज हवंच.

एमएच १९ पासिंगसाठी दिल्ली आरटीओची एनओसी लागेल, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. गाडी मुंबईच्या जाणकार मेकॅनिकला दाखवल्यावरच व्यवहार करा.